सुईत दोरा जात होता

मंडळी, आधी माझी एक तक्रार नोंदवून घ्या. हा माइक माझ्या आधी बोललेल्या सरपंचांच्या उंचीला लावलाय. त्याचा स्क्रू गंजलाय. तिघांनी जोर लावला, माइक काही खाली येत नाही. त्यामुळे मला पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर करून बोलावं लागतंय. शोकसभेत वक्त्याची मान खाली असावी, एवढी साधी अपेक्षा. आपल्या खापर गावात तेवढीही सोय नाही. मी याचा जाहीर निषेध करतो.

हसलात, बरं केलंत. मला तेवढंच येतं. आज जे सांगायचंय ते तोंडातून निघत नाहीये, म्हणून स्क्रूवर वेळ काढला.

सुकलाल शिंपी गेला. मंगळवारी सकाळी लीलावहिनी चहा घेऊन उठवायला गेल्या, तो उठला नाही. बाजारगल्लीत त्याच्या दुकानासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. तीस वर्षं आम्ही समोरासमोर. तो कपडे शिवायचा, मी उरलेल्या वेळात साप्ताहिकात लोकांची टोपी उडवायचो. दर आठवड्याला माझं सदर वाचून तो निकाल द्यायचा, "कापड बरं शे भाऊ, शिलाई ढिली शे." इथं आधीच्या वक्त्यांनी त्याला साधाभोळा म्हटलं. मंडळी, साधाभोळा माणूस असं बोलतो का?

चार वर्षांपूर्वी सुकलालनं ओळख द्यायचं सोडलं. समोरून गेलात तर हसायचा. बाजूनं गेलात तर बघायचाही नाही. गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहायचं, हा आपला मशीनवर वाकलेला. त्याच सुमारास त्याला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं होतं. मला आयता विषय मिळाला. 'गणवेश शिवता शिवता मान ताठ झालेला शिंपी' असा लेख मी लिहिला. तुम्ही सगळ्यांनी वाचला. तुम्ही सगळे हसलात. तोही हसला. बारीक टाइप, चष्मा न लावता त्यानं सगळा वाचून काढला आणि म्हणाला, "माले तू दखायनाच नही, भाऊ."

तो मला खरंच दिसला नव्हता, असं सांगत होता. मी ते उत्तर चांगलं जमलंय म्हणून दाद दिली.

मग तो चहाचे ग्लास सांडायला लागला. मी म्हणालो, दिवसाढवळ्याच सुरू केली का? मग तो कात्री शोधायला लागला. कात्री त्याच्या हाताशेजारी पडलेली असायची. सुई दिसायची, कात्री दिसायची नाही. आणि त्यानं डोळ्यांची शंका काढली की आम्ही दोघं आमची तपासणी करायचो. तो सुई धरायचा, दोरा ओला करायचा आणि एका झटक्यात ओवायचा. झालं. डोळे उत्तम.

शेवटी त्याची मुलगी त्याला नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते. मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला कळतच नाही. जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते राखायला रोज थेंब टाकायचे, जन्मभर.

वहिनींनी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकले. दोन महिने टाकले. मग एका दुपारी सुकलाल माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "दोन महिनापाईन थेंब टाकी ऱ्हायनू. फरक काहीच नही."

मंडळी, फरक पडणार नव्हताच. फरक न पडणं हाच त्या औषधाचा गुण होता. नजर होती तिथं थांबली होती. पण हे मला कुठं ठाऊक होतं? मला ठाऊक होतं ते एवढंच, की माणूस बोलला की त्यावर काहीतरी झणझणीत टाकायचं. मी म्हणालो, "मंग थेंब कसाले टाकस? सुईमा दोरा जास ना?"

तो खूप हसला. गेला, बसला, सुईत दोरा ओवला आणि लांबूनच मला दाखवला.

त्या दिवसापासून त्यानं थेंब बंद केले. घरी सांगितलं, आता मी दुकानातच टाकतो. बाटली बॉबिनच्या डब्यामागे ठेवली. आठ महिने ती तिथं होती. मी समोर बसत होतो. मला दिसत होती. माझे डोळे चांगले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन झालं. डोळ्यातल्या पाण्याला वाट करून दिली, दाब उतरला. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. पण तोवर राखायला फारसं उरलंच नव्हतं. एका सकाळी सुकलालनं गल्ली ओलांडली, भिंत चाचपत माझ्या दुकानात आला, सुई आणि दोरा पुढं केला आणि म्हणाला, "ओवी दे, भाऊ." मला तिसऱ्या खेपेला जमलं. त्यानं सुई चाचपून घेतली आणि भिंत धरत परत गेला.

आता ऐका. या गावात बोललं गेलं की बाईनं थेंबांची हयगय केली. लग्नाच्या मांडवात बोललं गेलं, दळणाच्या चक्कीवर बोललं गेलं. वहिनी एकदा माहेरच्या लग्नाला तळोद्याला गेल्या होत्या, तेव्हा दोन दिवस थेंब राहिले. ते दोन दिवस त्या आजही उगाळत बसतात. परवा मी भेटायला गेलो तेव्हाही तेच म्हणाल्या.

वहिनी, ते दोन दिवस नव्हेत. ते आठ महिने होते आणि ते माझ्या एका वाक्यानं झाले. मी सुकलालला म्हटलं होतं, घरी खरं सांगून टाकतो. तो म्हणाला, "दोरा मन्हा, सुई मन्ही. तू काय करशी?" त्यानं माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मी ते झाकून ठेवलं आणि गाव तुम्हाला बोलत राहिलं. मी माफी मागत नाही. चारचौघांत मागितली तर तुम्हाला लाजेखातर द्यावी लागेल. गावानं तुमच्या माथी मारलेलं हे माझं आहे, एवढंच सगळ्यांसमोर सांगतो.

आणि एक बारीक काम राहिलंय. हे रक्ताच्या नात्यात उतरतं, भावाला दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकटा दगडू आठवडे बाजारात कापड विकतो, तो ऐकेना. सुकलालनं मला सांगितलं, "दगडूले तू लई जाय." मी हो म्हटलं. त्याला पाच महिने झाले.

दगडूभाऊ, मान हलवू नकोस. तुलाही सुईत दोरा ओवता येतो, ते मला माहीत आहे. उद्या साडेसातची नंदुरबार एसटी. स्टँडवर मी उभा असेन. माझेही डोळे दाखवून घेईन.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.

सुकलाल, दगडूला उद्या नेतो.