सुमनअक्का दहावी पास होती

मायबहिणींनो, भाऊंनो, गावातली सगळी थोर मंडळी, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले आपले नाना.

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. पण संजू म्हणाला, मावशी, आईचा अर्धा जन्म तुझ्याबरोबर गेला, तूच बोल. संजू, बाबा, तिथं तुझी चूक झाली. आता मी बोलणार. आणि मी रडायला उभी राहिलेली नाही. मला राग आलाय. अक्का गेली त्या दिवसापासून तो उतरत नाही.

कापूस वेचून आली, ओट्यावर टेकली, पाणी मागितलं. तिची सून मनीषा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मी डॉक्टर नाही. माझं तर दहावीचं गणितसुद्धा राहिलेलं आहे. पण त्या हृदयाला कोणी काय काय दिलं, ते मला माहीत आहे.

अक्का आणि मी मांडे करायचो. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत कुठंही लग्न असो, खापरावरची पुरणपोळी म्हटलं की आम्हाला बोलावणं. ती मांडा हातावर वाढवत कोपरापर्यंत न्यायची, मी चूल सांभाळायची. एका लग्नात पुरण वाटता वाटता ती मला म्हणाली की तिला दहावी करायची आहे. मी हसले नाही, कारण तिचं तोंड बघितलं. सातवीत असताना तिला शाळेतून काढलं आणि लग्न लावून दिलं. तिचा पहिला नंबर यायचा. ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही.

मग आम्ही दोघींनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी तिच्या नादानं भरला, खोटं कशाला बोलू. मनीषानं आम्हाला शिकवलं. सून सासूला शिकवते, हे बघायला गल्लीतल्या बाया मुद्दाम साखर मागायला यायच्या. वर्तुळ शिकवताना मनीषानं मांड्याचं उदाहरण घेतलं, तर अक्का म्हणाली, पोरी, माझा मांडा कधी गोल झालाय का, तू पाटीवरच काढ. अशी मजा चालायची. शेतात निंदायला गेलो तरी एका सरीत इतिहास आणि दुसऱ्या सरीत भूगोल.

पेपरच्या दिवशी एरंडोलला शाळेच्या गेटवर शिपायानं आम्हाला अडवलं. पालकांनी बाहेर थांबायचं, म्हणाला. अक्कानं पिशवीतून हॉल तिकीट काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"भाऊ, पेपर मन्हाच शे."

तो बाजूला झाला. मी तिच्या मागून आत शिरले. त्या दिवशी ती केवढी उंच दिसत होती, काय सांगू.

निकाल लागला. मी गणितात आपटले. अक्का सगळ्या विषयांत पास. मराठीत तर गावातल्या शाळेच्या पोरांपेक्षा जास्त मार्क. तिनं गावभर पेढे वाटले. ज्यांनी खाल्ले, ते इथं बसलेत. गोड लागले होते ना?

आता नाना, तुमच्याकडे येते.

आपल्याकडे जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, बाई पदर नाकापर्यंत ओढते आणि तोंड उघडत नाही. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगते, आणि जेठानं ते ऐकून घ्यायचं. नाना अक्काचे जेठ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती नानांसमोर बोलली नाही. शेताच्या वाटणीत बांधाकडचा खडकाळ तुकडा तिच्या वाट्याला आला, ती बोलली नाही. नवरा गेला, घरात विचारायला कोणी आलं नाही, ती बोलली नाही. पुस्तकं आणली तेव्हा नाना चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, आमची भावजय आता कलेक्टर होणार. लोक हसले. ती पदर ओढून पिशवी घेऊन निघून गेली. ती बोलली नाही.

दरवर्षी दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव होतो आपल्या मारुतीच्या पारावर. चौकात फ्लेक्स लागतो, पास झालेल्यांचे फोटो असतात. फ्लेक्स नानांकडून. शाळेच्या सरांनी अक्कालाही फोटो द्यायला सांगितलं. ती एरंडोलला स्टुडिओत जाऊन आली. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर, आणि बारीकसं हसू. आयुष्यातला तिचा पहिला एकटीचा फोटो.

फ्लेक्स लागला. आम्ही दोघी बघायला गेलो. पोरांचे फोटो होते, पोरींचे होते, नानांचा सगळ्यात वर होता, हात जोडलेला. अक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली. मग मला विचारलं.

"उषा, मन्हा फोटो कोठे शे वं?"

मी सरांकडे गेले. नानांनी फ्लेक्सवरून तिचा फोटो वगळायला लावला होता, आणि कारणही दिलं होतं. सरांनी ते जसंच्या तसं मला सांगितलं. म्हणे, "घरनी बाईना फोटो चौकमा टांगतस का?"

आता कोणाला वाटेल, इथं तरी संपलं असेल. नाही. गुणगौरवाला बाहेरून पाहुणे आले, त्यांचं जेवण नानांच्या घरी, आणि मांडे करायला कोण? अक्काच. सकाळपासून चुलीसमोर होती. कार्यक्रमापुरती उठली, हात धुतले, तीच मोरपंखी साडी नेसून पारावर जाऊन बसली. तिला वाटलं, फोटो नसेल तर नसो, नाव तर घेतील. माईकवर एकेक नाव आलं. नारळ, शाल, टाळ्या. शेवटी नानांनी आभार मानले आणि माईक बंद झाला.

ती उठली आणि परत चुलीकडे गेली. मी तिचा हात धरला. म्हटलं, चल घरी, यांना खाऊ दे बाजारचं. ती म्हणाली, "अन्नवर राग काढाना नही." आणि तिनं त्या सगळ्यांना मांडे वाढले. वर तूपही वाढलं.

ती अन्नावर राग काढत नव्हती. मी काढते.

उन्हाळ्यात नानांच्या नातवाचं लग्न आहे. आम्ही मांडे करणाऱ्या सगळ्या बाया काल मनीषाच्या ओसरीत बसलो आणि ठरवलं. त्या लग्नात आमचं एकही खापर चुलीवर चढणार नाही. शेजारच्या गावच्या बायांनाही सांगून झालंय. नाना, व्याह्यांना श्रीखंड वाढा. खानदेशातलं लग्न आणि पंगतीत मांडा नाही, हे लोक किती वर्षं बोलतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि चौकातून आलात ना सगळे? तिथं काय लावलंय, बघितलं? अक्का गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. माणसापेक्षा उंच. त्यावर अक्काचा फोटो. मोरपंखी साडी, बारीकसं हसू. तोच फोटो. जिवंत बाईचा फोटो चौकात टांगत नाहीत, मेलेल्या बाईचा टांगतात. खाली शोकाकुल म्हणून रांग, आणि रांगेत पहिले नाना. दहावीचा एक शब्द नाही.

आज सकाळी आम्ही पेंटरला घेऊन चौकात गेलो. शोकाकुलांच्या रांगेवर पांढरा पट्टा मारला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहून घेतलं, दहावी उत्तीर्ण. नाना, तुम्ही त्या पट्ट्याखाली आहात. तो फ्लेक्स कोणी उतरवला, तर आम्ही दुसरा लावू. दुसरा उतरवला, तर तिसरा तुमच्या दारासमोर लावू.

काही जण कुजबुजतायत, ही वेळ आहे का, हे ठिकाण आहे का. मग कोणती वेळ होती, सांगा. पारावर होती ना? तेव्हा तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात.

नाना, मला तुमची माफी नको. जिच्यापाशी मागायची, ती आता ऐकायला नाही, आणि मी तिच्या वतीनं ती घेणार नाही. संजू, तुझे काका आहेत, तू काय करायचं ते तू बघ. मी परत गणिताचा फॉर्म भरलाय. या वेळी माझ्याबरोबर गल्लीतल्या आणखी बाया बसणार आहेत, त्यात नानांची थोरली सूनही आहे. आता मान वर करून बघू नका तिच्याकडे.

सभा संपवताना सगळ्यांनी उभं राहून शांत राहायची रीत आहे. आज बायांनी शांत राहायचं नाही. आपण पुष्कळ राहिलो.

नाना, तुम्ही उभे राहा. माझी सुमनअक्का तुमच्यासमोर सगळा जन्म गप्प राहिली, तुम्ही दोन मिनिटं राहा. आणि तुम्ही गप्प उभे असाल तेवढा वेळ आम्ही तिचं नाव घेऊ. मोठ्यानं, माईकवर, जसं त्या दिवशी घ्यायला हवं होतं.

उठा, नाना.

बायांनो, म्हणा माझ्याबरोबर. सुमनबाई भीमराव पाटील, दहावी पास.