स्क्रूवरचा लाल ठिपका

माझं गाव मलकापूरच्या पुढं, रत्नागिरीच्या रस्त्याला. घरात शेती हुती, पण मला मातीची कधी गोडी लागली न्हाय, घरातला रेडिओ उघडायचा आणि आण्णांचा मार खायचा, एवढंच काम. धावी नापास झालो आणि कोल्लापुरात एका रेडिओवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली राह्यलो, सात वर्सं. मग बिंदू चौकाच्या अलीकडं पत्र्याचं खोकं टाकलं, बोर्ड रंगवला, दिनकर मिस्त्री, वॉकमन स्पेशालिस्ट. तवा वॉकमनचा नाद लई हुता, कॉलेजची पोरं कानात घालून कट्ट्यावर बसायची आणि बंद पडला की माझ्याकडंच यायची. अख्ख्या कोल्लापुरात दिनूमिस्त्रीगत हात न्हाय असं लोक म्हणायची. म्हणजे मीच म्हणायचो, पण लोक ऐकून घ्यायची की.

लग्न झालं ते हुपरीच्या पोरीशी. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घरोघरी बायका पैंजणाच्या कड्या जोडायला बसत्यात, तशी ही सुनंदा बी ल्हानपणापास्नं बसलेली. ती दुपारचा डबा घिऊन खोक्यावर यायची. एकदा मी हेडफोनची वायर जोडत बसलोतो, केसागत बारीक वायर, तीनदा सुटली, मी शिव्या घालाय लागलो, तवा ती म्हणली द्या हिकडं. आणि काय सांगू तुम्हाला पावणं, एका दमात जोडली. मला तवा बरं वाटलं बघा, खोटं कशाला बोलू, बायको आपली हाय, म्हणलं बस हितं माझ्या शेजारी.

तितंच माझं चुकलं म्हणा, न्हायतर मी मुळातच तसला म्हणा. सहा महिन्यांत गिऱ्हाईक खोक्याफुडं उभं राह्यलं की माझ्याकडं बघायचंच न्हाय, मान वाकडी करून मागं बघायचं आणि इचारायचं, वैनी हाईत का? मी हितं सात वर्सं घासून शिकलेला, आणि वैनी हाईत का! मी म्हणायचो मी हाय की, सांगा काय झालंय, तर म्हणायची असूंदे मिस्त्री, येतो मागनं. जळायचो ओ मी. जेवताना तिनं भाकरी वाढली तरी तिच्या बोटांकडंच बघायचो.

तिची एक पद्धत हुती. काम झालं, झाकण बसवलं, की एका स्क्रूवर लाल नखपॉलिशचा ठिपका द्यायची, म्हणजे मागनं कुणी उघडला तर कळतंय. मी हसायचो, म्हणायचो वॉकमनला काय लग्नाला न्यायचाय? ती म्हणायची, माझं काम मला वळखू येतंय.

मग ती कांता आली. मलकापूरचीच, माझ्याच मुलखातली बाई. नवरा मिलिटरीत, हिला लिहायवाचायला येत न्हवतं, म्हणून त्यो पत्राऐवजी कॅसेट बोलून धाडायचा आणि ही माहेरात बसून वॉकमनवर ऐकायची. नुकती बाळंत झालेली, पोरगी झालीती. वॉकमनमधला रबरी पट्टा सैल पडलाता, त्यानं टेप गुरफटती, सुनंदानं नवा पट्टा घातला, ठिपका दिला. वॉकमन ठेवून जातानाच बाई म्हणलीती, परवा न्हेतो, पण वैनीबिगर कुणी हात लावू नका बरं का मिस्त्री. माझ्याच खोक्यात, माझ्याच गावाकडची बाई, मला!

दुसऱ्या दिवशी सुनंदा घरला गेलती, मी त्यो वॉकमन उघडला, नवा पट्टा काढला, जुना सैल पट्टा परत घातला. म्हणलं जरा रडत गाऊंदे, बाई येऊन भांडूंदे, वैनीचं नाव जरा खाली येऊंदे. ठिपका मात्र दिला न्हाय. इसरलो न्हवतो. ती नखपॉलिशची बाटली हातात धरायची मला लाज वाटली, बाप्या माणूस मी.

ठरल्या दिवशी कांताच्या हातात वॉकमन मीच दिला, आणि आठ दिवसांनी बाई आली ती पदरात टेपचा गुंता घिऊनच. रडत न्हवती, नुसती हुभी. म्हणली, नवरा कॅसेटीत म्हणलाता, पोरीचं नाव काय ठेवायचं त्ये शेवटाला सांगतो, बारसं तोंडावर आलंय, तेवढंच ऐकायचं राह्यलंतं आणि तितंच खाल्लं. सुनंदानं वॉकमन पालथा केला. ठिपका न्हाई. उघडला, आत जुना पट्टा. एकदाच माझ्याकडं बघितलं तिनं. मी खाली बघून स्क्रू निवडाय लागलो. आणि ती त्या बाईला म्हणली, माझ्याच हातनं चुकलं बाई, जुना पट्टा तसाच राह्यला.

सांजपतोर बसून तिनं टेप सोडवली, चिकटवली, सगळं बोलणं परत वाजलं, नाव तेवढं घरघरलं, कळंना. कांता म्हणली, तुमच्या भरवशावर दिलतं वैनी. आणि गेली. पोरीचं नाव काय ठेवलं मला ठाऊक न्हाय.

दुसऱ्या दिवसापास्नं डबा शेजारणीच्या हातनं यायला लागला. सुनंदानं हुपरीवरनं चांदी आणली आणि घरातच कड्या जोडत बसली. मला जे पायजे हुतं ते मिळालं की, खोकं माझं, गिऱ्हाईक माझं. तरी लोक चार वर्सं इचारायची, वैनी हाईत का?

मग मोबाईल आलं, वॉकमन गेलं, आता मी कव्हरं आणि चार्जर इकतो. हिच्याकडं गल्लीतल्या सात-आठ बायका चांदीचं काम शिकाय येत्यात, हसत्यात, अक्का अक्का करत्यात, आणि मी भाईर पायरीवर बसून ऐकतो आणि अजून जळतो बघा. परवाच्या दिवशी ह्या वयात धीर केला, सांगितलं, त्यो वॉकमन मी उघडलाता. ती हातातलं काम न थांबवता म्हणली, ठाऊक हाय. मग सांगितलं का न्हाईस बाईला? तर म्हणली, तुमचं नाव गेलं असतं तर खोकं गेलं असतं. माझं गेलं तर माझं एकटीचंच जाणार हुतं.

तिला माझी चूक अंगावर घ्यायला एका दमात जमलं, आणि मला ती बोलायला इतकी वर्सं लागली. त्याचा बी मला हेवाच वाटतोय, काय करता. असूंदे. च्या घ्या. तुमचं चांगलं हुंदे पावणं, आणि घरातलं कुणी तुमच्यापरास हुशार निघालं, तर देव करो आणि ते तुमाला बघवूंदे.