विश्राम मेस्त्रींचं नाव कोण राखत होतं

मंडळी, ऐका. कथेत शिरण्याआधी एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याकडे बघायचं नाही! आपण कोणावर तरी रुसतो. 'तो आधी बोलेल, मग मी बोलेन' म्हणत वर्षंच्या वर्षं काढतो. आणि वाटतं काय, तर वाट बघतोय तो मी एकटाच, तिकडचा माणूस मला कधीच विसरला. पण तो विसरला, हे तुम्हाला सांगितलं कोणी?

आता आख्यान ऐका. कुडाळच्या बाजूला, एस.टी.च्या थांब्यासमोर विश्राम मेस्त्रींचं पेट्यांचं दुकान. पेटी म्हणजे ही आमच्या बुवांच्या पुढ्यात आहे ती, हार्मोनियम. लाकूड निवडण्यापासून सूर लावण्यापर्यंत सगळं विश्रामदादांच्या हातचं. आणि हाताखाली धाकटा भाऊ, सहदेव. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादांनीच त्याला वाढवला. मांडीवर बसवून रीड, म्हणजे पेटीतली सूर देणारी पितळी पट्टी, घासायला शिकवलं. दोघांचा कान असा, की एकाने सूर लावावा आणि दुसऱ्याने मान वर न करता 'हूं' म्हणावं. झालं, पेटी पास!

सहदेव काळाबरोबर चालणारा. कॉम्प्युटर शिकला आणि दादांच्या नावाने वेबसाइट काढली, 'विश्रामपेटी डॉट कॉम'. दादांचा फोटो, पेट्यांचे फोटो, आवाजसुद्धा ऐकायला ठेवलेला. दादांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, दुकानावर पाटी रंगवतात तशी ही एक पाटी. एकदा रंगवली की संपलं!

मग भांडण झालं. सहदेव म्हणाला, बाहेरून तयार पेट्या आणू, वर आपलं नाव घालू, मागणी पुरी होईल. आता दादांसारख्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा. शब्द वाढला. दादांचा तोल गेला, आणि जे बोलू नये ते बोलून गेले.

"माझ्या नावावर जगतोयस तू. हे नाव सोडून जगून दाखव."

सहदेवने हातातली कानस खाली ठेवली. कपडे घेतले. समोरून एस.टी. सुटत होती, तीत चढला. दादांना वाटलं, संध्याकाळच्या गाडीने येईल. नाही आला. दुसऱ्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. दादांनी घरात सांगून टाकलं, की त्याचं नाव काढायचं नाही. आणि नाव निघेनासं झालं.

पण मंडळी, जीभ ऐकते, डोळे ऐकतात का हो? थांब्यावर गाडी लागली, की दादांची मान वर व्हायची. चष्म्यावरून बघायचे, कोण उतरतंय. कोणी हटकलं तर म्हणायचे, पेपर आला का बघतोय. पेपर सकाळी यायचा, आणि हे बघायचे दिवसभर!

अशी बारा वर्षं गेली. एके दिवशी बेळगावच्या एका भजनी मास्तरांचा फोन आला. म्हणाले, तुमची वेबसाइट उघडत नाही, दुकान बंद केलंत का? दादा म्हणाले, दुकान उघडं आहे, मी त्यातच बसलोय. तेव्हा मास्तर हसून सांगू लागले, की मागे मी त्या वेबसाइटवर चौकशी केली होती, किती छान उत्तर आलं होतं. 'दादांना सकाळी फोन करा, जेवल्यावर ते उचलत नाहीत. कुठल्या पट्टीची पेटी हवी ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर रागावतात.'

दादांनी फोन ठेवला आणि विचारात पडले. हे उत्तर लिहिलं कोणी? घरात तर कोणी असलं काही लिहीत नाही.

त्यांची मुलगी अक्षता, बँकेत नोकरीला. ती घरी आल्यावर दादांनी तिला विचारलं. तिने मोबाइलवर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, या नावाची मुदत संपलीय."

नावाची मुदत! आता हे समजून घ्या. इंटरनेटवरचं नाव कायमचं विकत मिळत नाही. मुदतीवर मिळतं. मुदत संपली की पुन्हा नोंदवायचं. नाही नोंदवलं, तर वेबसाइट दिसेनाशी होते. मग थोडे दिवस ते नाव बाजूला ठेवतात, जुन्या मालकाची वाट बघतात. आला तर त्याचं त्याला. नाही आला, तर नाव मोकळं, जगात कोणीही उचलावं. इथे मला देहाच्या मुदतीवर बोलायचा फार मोह होतोय, पण मागचे आजोबा आत्ताच कुठे जागे झालेत, त्यांना पुन्हा झोपवत नाही!

दादा म्हणाले, ती पाटी तर एकदाच लावलेली, तिला मुदत कसली? तेव्हा अक्षता त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, हे दरवर्षी करावं लागतं. इतकी वर्षं कोणीतरी करत आलंय. काकानेच केलं असणार. नाव त्याच्या खात्यात आहे. यंदा त्याने केलं नाही."

ज्याला 'माझं नाव सोड' म्हणून घालवला, तो बारा वर्षं कुठेतरी बसून तेच नाव राखत होता! आलेल्या गिऱ्हाईकाला दादांचा स्वभाव सांभाळायला शिकवत होता! दादांनी समोरच्या पेटीचा भाता हाताने मिटला, पुन्हा उघडला.

शेजारच्या दुकानदाराने सल्ला दिला, की नाव मोकळं होऊ दे आणि तुझ्या खात्यात घे, कटकट मिटेल. सल्ला व्यवहाराचा होता. पण दादांच्या मनात एकच घोळत होतं. यंदा का नाही केलं त्याने? कंटाळला? की हात उरला नाही करायला?

मग लगेच शोधायला निघाले असतील ना? नाही हो! अहंकार एवढ्यात उठतो होय? त्यांची बहीण यमुना वेंगुर्ल्याला. तिला ठाऊक असणार, हे दादांना कळत होतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि रोज ठेवायचे. त्याचं नाव तोंडातून काढायचं म्हणजे स्वतःचा शब्द मोडायचा! असे दोन-अडीच महिने गेले. शेवटी एका सकाळी दादा उठले आणि वेंगुर्ल्याला बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिले. "यमू, सहदेव कुठे आहे?"

यमुना बारा वर्षांनी त्या तोंडातून ते नाव ऐकत होती.

"निपाणीला आहे. तिथे त्याचं छोटं दुकान होतं, ते बंद. अर्धं अंग गेलंय, वाचाही गेलीय. तुला सांगायला दोनदा दुकानात आले होते मी. त्याचं नाव घेतलं, की तू कानस चालवायला लागायचास. दादा, तू एकदा विचारायचं होतंस."

दादा आणि अक्षता आंबोलीच्या घाटाने निपाणीला गेले. पेठेमागची एक खोली. घरमालक भला माणूस, तोच दोन वेळचं बघत होता. खाटेवर सहदेव. केस पिकलेले, उजवा हात निर्जीव. दादा दारात थबकले. घरातून गेला तो तरणाताठा गडी, आणि हा कोण?

सहदेवने दादांना बघितलं. तोंड उघडलं. शब्द येईना. मग डाव्या हाताने उशाखालचा मोबाइल ओढला आणि धडपडत अक्षताच्या हातात दिला. तिला कळलं, तो नावाचं सांगतोय. तिने वेबसाइट उघडली. उघडली, पण विश्राम मेस्त्री नव्हते तिथे. वाट बघायचे दिवस संपले होते. कोण्या परक्याने नाव उचललं होतं, आणि दादांच्या फोटोच्या जागी जुगाराची कसली जाहिरात नाचत होती. दादांनी पहिल्याच दिवशी बहिणीला विचारलं असतं, तर याच मोबाइलवरून नाव वाचलं असतं.

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. राखता आलं नाही म्हणून! दादांनी मोबाइल बाजूला सारला, त्याच्या खाटेवर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या मालवणीत म्हणाले, "नाव गेला तर जांवदे. तू आसस मां?"

दादांनी भावाला घरी आणला. मग बरा झाला का, बोलला का, हे विचारताय ना तुम्ही? मी स्वतः जाऊन आलोय. सकाळी दुकान उघडलं, की दादा त्याला खुर्चीत बसवतात, पेटीवर एक सूर धरतात आणि थांबतात. कधीकधी सहदेवच्या गळ्यातून तो सूर येतो. कापरा येतो, पण अचूक येतो. शब्द नाही. बारा वर्षं कुठे होतास, काय खाल्लंस, मला किती शिव्या दिल्यास, दादांना सगळं विचारायचंय आणि ऐकायचंय. आता त्यांना सवड आहे. त्याच्याजवळ शब्द नाहीत. त्याने एकदा 'दादा' म्हणावं, एवढ्यासाठी तो म्हातारा रोज भाता हलवतो. थांब्यावर गाडी लागते. आता मान वर होत नाही.

मंडळी, देवाचं नाव घ्यायला तुम्ही इथे आलात. घ्या, जरूर घ्या. पण ते नाव सोपं आहे हो, देव काही तुमच्यावर रुसून गेलेला नाही! अवघड नाव दुसरंच आहे. तुमच्या घरात एक नाव असेल, जे निघालं की ताटावरचे सगळे गप्प होतात. पोरांनी विचारलं, तर त्यांचा हात दाबला जातो. आज घरी गेलात, जेवायला बसलात, की ते नाव मोठ्याने घ्या. आणि विचारा, तो कुठे आहे? ती कशी आहे? तिथे तुमची जीभ वळली, तर इथे वळली ती खरी.

उचला टाळ. आणि पहिल्या गजराला, ओठ न हलवता, आधी ते नाव घ्या.