यानताईला जगन्नाथ काय म्हणाला

...नाही, पण मी म्हणतो, माणूस आठ वर्षं एका देशात राहून आला म्हणजे काय तो देश त्यानं घडी घालून बॅगेत आणायला हवा? आला की उघडायचा, टेबलावर पसरायचा, आणि लोकांनी बोट लावून बघायचं, हां, असा असा आहे होय? तुम्हाला सांगतो, आमचा जगन्नाथ परत आल्यापासून तीन वर्षं एकच प्रश्न झेलतोय. बर्थडे पार्टीत, देवळात, कॉस्कोच्या रांगेत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत, तोंडात नळी असताना... "काय मग, चीन कसं आहे?"

आता जगन्नाथ म्हणजे कोण, तर मूळचा सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर, इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला येऊन तीस वर्षं झाली, गाड्यांच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह करणाऱ्या एका कंपनीत चिकटला तो चिकटला. त्या कंपनीनं चीनमध्ये सुचौला प्लांट काढला आणि म्हणाली, जगन्नाथ, दोन वर्षं जाऊन बस. दोनाची झाली आठ. बायको पद्मजा इथेच, फार्मसीत तिची नोकरी, मुलगी शाळेत, म्हणजे हा तिकडे एकटा. वर्षातून तीनदा यायचा, जेट लॅगमध्ये चार दिवस झोपायचा आणि उठून परत जायचा. भाषा शिकला तीही फॅक्टरीतली. बोल्ट सैल आहे, माल कधी येणार, आज कोण आलं नाही, हे सगळं त्याला फर्डं बोलता येतं. हवापाण्याच्या गप्पा म्हणाल तर शून्य.

बरं, माणूस प्रामाणिक, हा त्याचा मूळ दोष. कुणी विचारलं की खरंच सांगायला जातो. म्हणाला, अहो, तिथे भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते, ट्रेन मिनिटाला मिनिट सुटते. की लगेच समोरचा, "बघा! म्हणून म्हणतो, आपल्याकडे दंडुका पाहिजे दंडुका." हा बिचारा गडबडून म्हणतो, तसं नाही हो, त्याच भाजीवालीच्या शेजारी सत्तर वर्षांची आजी पुठ्ठे गोळा करत असते... की दुसरा, "बघा! म्हणजे आतून पोकळच सगळं." मग हा सांगतो, माझ्या हाताखालचा पोरगा, काय हुशार इंजिनिअर, प्रमोशन दिलं तर नको म्हणाला, म्हणाला मला फक्त पडून राहायचंय, माझ्या बापानं धावून काय मिळवलं? यावर तिसरा, "म्हणजे संपले ते." आणि चौथा, जो इतका वेळ चकली खात असतो, तो हात पुसत येतो आणि म्हणतो, "ते सगळं ठीक, पण चीन कसं आहे?"

काय सांगणार, सांगा ना?

तर झालं असं की आमच्या मंडळाची अध्यक्ष आसावरी. तिला फेब्रुवारीत कार्यक्रम हवा होता. बाहेर उणे बारा, लोक घराबाहेर पडत नाहीत, इंडियाहून कलाकार येणार तो व्हिसात अडकला, सगळं कॅन्सल झालं. हिनं जगन्नाथला पकडलं. शनिवारी दुपारी, लायब्ररीची खालची खोली, फक्त अर्धा तास बोलायचं, नंतर साबुदाणे वडे. जगन्नाथ नाही म्हणाला. पद्मजा हो म्हणाली. म्हणजे ठरलं.

साठेक माणसं आली. तुम्हाला सांगतो, साठातली चाळीस वड्यांना, पण आली. पहिल्या रांगेत बाळकाका. बाळकाका म्हणजे रिटायर्ड कार्डिओलॉजिस्ट, सत्तरच्या दशकात आलेले, इथल्या अर्ध्या मराठी माणसांची हृदयं त्यांनी हाताळलीयत, त्यामुळे त्यांना कुणी थांबवत नाही. ते दोन वर्षांपूर्वी चीनला आठ दिवस ग्रुप टूरवर जाऊन आलेत. जगन्नाथ आठ वर्षं, हे आठ दिवस. पण खात्री कुणाला जास्त? अर्थात बाळकाकांना. माणूस जितका कमी राहतो तितकी त्याची मतं पक्की असतात की नाही?

जगन्नाथनं स्लाइड्स केल्या होत्या. पहिली स्लाइड प्लांटची. दुसरी कॅन्टीनची. बाळकाकांनी दुसऱ्याच स्लाइडला हात वर केला, आणि हात वर करून वाट बघायची वगैरे भानगड नाही, बोलायलाच लागले. मी स्वतः पाहिलंय म्हणाले, तो आमचा गाइड, ते दुकानदार, सगळे गोड हसायचे, आणि शेवटी त्यांनी ठाम निष्कर्ष काढला. "एक लक्षात ठेवा, चिनी माणूस तोंडावर कधी खरं बोलत नाही."

हॉलमध्ये दहाबारा माना डोलल्या. आसावरी घड्याळाकडे बघायला लागली. आणि जगन्नाथ... मी बाजूला प्रोजेक्टरशी उभा होतो म्हणून मला दिसलं, जगन्नाथनं हातातला क्लिकर खाली ठेवला. म्हणाला, "काका, आठ वर्षांत तिथे मी भरपूर ऐकलं, खरं काय, खोटं काय, सगळं मला कळलं असं नाही. पण एक मोठं खोटं मला नक्की माहीत आहे. कारण ते मी बोललो होतो."

आणि मग तो जे बोलला ते त्यानं आम्हाला कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पद्मजालासुद्धा.

प्लांटमध्ये असेंब्ली लाइनवर एक सुपरवायझर होती, नाव यान. सगळे तिला यान ज्ये म्हणायचे. ज्ये म्हणजे ताई. त्यामुळे जगन्नाथच्या डोक्यात ती पहिल्या दिवसापासून यानताईच. आन्ह्वे प्रांतातल्या एका खेड्यातली. नवरा कुठे दूर दक्षिणेत बांधकामावर, आणि मुलगी गावी, आजीकडे. वर्षातून दोनदा भेट. का, तर शहरात बाहेरून आलेल्या माणसाच्या मुलाला सरकारी शाळेत जागा मिळणं महाकठीण. स्वतःचं घर असलं की सोपं जातं. त्यामुळे यानताईचं सगळं गणित एकाच गोष्टीवर, घर. घर म्हणजे शाळा, शाळा म्हणजे मुलगी.

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, चीन कसं आहे हे विचारलं होतं, तुम्ही एका बाईचं काय सांगताय? थांबा हो.

कॅन्टीनच्या बाहेर गरम पाण्याचं मोठं मशीन होतं. तिथे सगळे आपापला थर्मास भरायला यायचे, साहेब असो की हेल्पर, रांग एकच. एके दिवशी यानताई जगन्नाथच्या पुढे होती. तिनं थर्मास भरला, झाकण लावलं आणि बाजूला न होता वळून विचारलं, "साहेब, हा प्लांट अजून दहा वर्षं राहील ना?"

आणि तुम्हाला सांगतो, काय वेळ असते बघा... बरोबर बारा दिवस आधी जगन्नाथला इथल्या हेड ऑफिसचा कॉल आलेला. पुढच्या वर्षाअखेर प्लांट बंद, माल दुसऱ्या देशात. कुणाकडे बोलायचं नाही, त्याच्या कागदावर सही घेतलेली. म्हणजे त्या चारशे माणसांच्या इमारतीत ही गोष्ट माहीत असलेला माणूस एकच, आणि ती नेमकी त्यालाच विचारत होती.

काय करायचं माणसानं? मला माहीत नाही म्हणायचं? ती सहा-सात वर्षं ओळखत होती त्याला, तो माहीत नाही म्हणाला असता तर त्यातच तिला कळलं असतं. बोलता येत नाही म्हणायचं? मग तर संपलंच, दुपारपर्यंत सगळ्या प्लांटमध्ये झालं असतं. मागे रांगेत पाच माणसं थर्मास घेऊन उभी. जगन्नाथ म्हणाला, "राहील."

तीन आठवड्यांनी तिनं पेढ्यासारखं काहीतरी वाटलं. घर बुक केलं होतं, सतराव्या मजल्यावर. सतरावा मजला अजून हवेत होता, पाया तेवढा खणला होता, पण तिथे तशीच पद्धत, आधी विकतात, मग बांधतात. लग्नाला बोलवावं तसं तिनं सगळ्यांना फोनवर त्या खड्ड्याचा फोटो दाखवला. जगन्नाथनं तो पाहिला, छान आहे म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो बिल्डर अडकला. देशभरात तेव्हा बिल्डर असे पटापट बुडत होते. क्रेन उभी आणि माणूस एक नाही. पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे प्लांट बंद झाला. म्हणजे घर नाही, नोकरी नाही, आणि घराचे हप्ते मात्र चालू. शेवटच्या दिवशी यानताई निरोप द्यायला आली, गावच्या वाळवलेल्या बांबूच्या कोंबांची पिशवी घेऊन. घराबद्दल एक शब्द बोलली नाही. साहेब, विमानात थंडी असते, जाकीट हातात ठेवा म्हणाली. आणि हा परत आला. तीन वर्षं तिला एक मेसेज त्यानं केला नाही. काय लिहायचं?

एवढं सांगून तो थांबला. अजून चौदा स्लाइड्स होत्या, त्या राहिल्याच.

बाळकाका चष्मा पुसत होते. आसावरी म्हणाली, वडे गार होतायत. त्यानं सगळ्यांची सुटका झाली, खुर्च्या वाजल्या, लोक उठले. आणि तेवढ्यात मागून एक गृहस्थ, उशिरा आलेले, प्लेट घेऊन जगन्नाथपाशी पोचले. "फार छान बोललात. पण ओव्हरऑल, चीन कसं आहे?"

जगन्नाथनं त्यांच्या प्लेटमध्ये चटणी वाढली. दुसरं काय करणार?

आसावरीची मुलगी अनया, इथेच जन्मलेली, पीएचडी करते, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते, ती कोट घालता घालता त्याच्याजवळ आली. एवढंच विचारलं, "काका, डिड यू एव्हर टेल हर?" आणि उपदेशबिपदेश काही नाही हो, खरंच विचारलं तिनं, जसं बस किती वाजता आहे विचारावं. जगन्नाथ नाही म्हणाला. ती ओके म्हणाली आणि बर्फात निघून गेली.

रविवारी सकाळी जगन्नाथ फोन घेऊन किचन टेबलाशी बसला तो दुपारपर्यंत. फॅक्टरीतलं चिनी त्याचं, त्यात माफीचे शब्द कुठून येणार? पार्ट रिजेक्ट झाला, चूक आमची, हे त्याला लिहिता यायचं. शेवटी तेच लिहिलं. पाण्याच्या मशीनपाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, मी राहील म्हणालो, चूक माझी. पाठवलं, आणि फोन पालथा ठेवून ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायला गेला. तो बर्फ त्यानं तासाभरापूर्वीच काढला होता.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे सोमवारची सकाळ, उत्तर आलं. लांबलचक. जगन्नाथनं ते पद्मजाला वाचून दाखवलं, अडखळत, मध्ये मध्ये डिक्शनरी बघत. इमारत रखडत रखडत गेल्या वर्षी पुरी झाली, दुसऱ्याच कंपनीनं केली. ती आता तिथे राहते. दोन लिफ्टमधली एक चालते. घरातल्या किचनमधून ती आसपासच्या फॅक्टऱ्यांना दुपारचे डबे पुरवते, पण गिऱ्हाइकं कमी होत चाललीयत, कारण फॅक्टऱ्या कमी होतायत. मुलगी आली. बारा वर्षांची आहे, अभ्यासात बरी आहे. ताप आला की अजून आजीला हाक मारते.

आणि मग शेवटी लिहिलं होतं, "साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून मी घर घेतलं नाही. तुम्हाला विचारलं त्याच्या आदल्या रविवारीच मी सही करून आले होते. भीती वाटत होती. कुणीतरी राहील म्हणावं, एवढंच हवं होतं."

झालं. आता माणसाला बरं वाटायला हवं की नाही? चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा, समोरच्यानंच उचलून बाजूला ठेवला. पण जगन्नाथ आठ वर्षं राहिलाय तिथे. त्याला पक्कं माहीत आहे की समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून तिथलं सज्जन माणूस किती सहज, किती नीटसं खोटं बोलतं. आणि त्याला हेही माहीत आहे की यानताई फार सज्जन आहे. मग हे खरं, की ती त्याला सांभाळून घेतेय? विचारायचं कसं? आणि विचारलं तर ती खरं सांगेल कशावरून? तो पद्मजाला म्हणाला, मला काही कळत नाही.

पद्मजा भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. म्हणाली, "खरं असेल. या घराचं मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं ना, घेऊ का म्हणून? तुम्ही सुचौहून घे म्हणालात?"

"हो."

"मी आदल्या दिवशीच होकार कळवला होता."

जगन्नाथनं हातातला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मग मला विचारलंस कशाला?"

पद्मजानं डिशवॉशरचं दार लावलं. "नसतं विचारलं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."