सासूबाईंची वेदी

तुर्कस्तानातल्या काश गावी, बेकरीत पावाच्या रांगेत माझ्यापुढे पर्यटकांची यॉट चालवणाऱ्या कप्तानाची बायको नाझमिये आणि तिची शेजारीण गुलसुम उभ्या होत्या.

"ताई, तू आणि विकतचा पाव? दारात भट्टी असताना?"

"भट्टी नाही म्हणायचं तिला. वेदी म्हणायचं."

"कसली वेदी?"

"आमच्या कप्तानांना विचार. यॉटवरच्या पाहुण्यांना खडकातली थडगी दाखवली, पाण्यात बुडालेल्या पायऱ्या दाखवल्या, तरी यांचं भागेना. मग किनाऱ्यावरच्या आपल्या भट्टीकडे बोट. म्हणे, इथं राजे बळी द्यायचे."

"आणि लोकांना पटलं?"

"यॉटवर बसल्यावर काहीही पटतं. त्यात एक प्राध्यापक निघाले. त्यांनी पुरातत्त्व खात्याला कळवलं. आता भोवती दोरी, पाटी, आणि जाळ करायला बंदी."

"अगं, पण ती तुझ्या सासूबाईंनी बांधलेली."

"पाटीवर दोन हजार वर्षं जुनी लिहिलंय. सासूबाईंचं खरं वय पहिल्यांदाच कळलं."

"मग भावजींनी जाऊन खरं सांगायचं."

"गेले होते ना. साहेब म्हणाले, तुम्हा गावकऱ्यांना घरच्या ठेव्याची किंमत नाही."

"आता गं?"

"आता काय. भाऊ, दोन ताजे पाव द्या. आणि कालचा एखादा उरला असेल तर तोही द्या. आमच्या कप्तानांना जुन्याची फार आवड."