दादाचा पुढचा दात

माझ्या दादाला तुम्ही क्लॅरोनेट वाजवताना ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो. नव्वदच्या सुमारास तो कोपरीच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडला आणि वरचा पुढचा दात गेला. क्लॅरोनेटचं तोंड त्याच दातावर टेकवून वाजवतात. काढता-घालता दात लावून पाहिला, तर तो फुंकताना सुटायचा. शेवटी दातांचे डॉक्टर म्हणाले, "जबड्याच्या हाडात स्क्रू बसवू, त्यावर पक्का दात. याला नवीन लेप असतो, हाड लवकर धरतं. तरी दात लावायला सहा महिने थांबलेलं बरं."

"दोन महिन्यांवर कार्यक्रम आहे हो. तेवढ्यात लावा."

डॉक्टरांनी लावला. दादा झकास वाजवून आला.

वर्षभरात दात हलायला लागला. मी सोबत गेलेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. स्क्रूभोवती सगळं काळं.

"हाड झिजलंय. स्क्रू काढावा लागेल."

"मग नवा बसवा. या वेळी वर्षभर थांबतो."

"तेवढं हाडच उरलेलं नाही."

स्क्रू काढून घरी आलो, तर पुढच्या कार्यक्रमाचं विचारायला दोघेजण येऊन बसलेले. दादाने तोंडावरचा रुमाल काढलाच नाही.

"हल्ली मला वाजवायचा कंटाळा येतो," म्हणाला.