हायरम ट्विचेलचं पाणी

ग्वेन : ओढ!

एमलिन : ओढतोय की! खांदा निघेल, पण हात नाही निघायचा.

ग्वेन : सिंहाच्या तोंडात हात घालायला तुला सांगितलं कोणी? तेही संस्थापक दिनाला, बारा वाजत आलेले असताना?

एमलिन : तूच! "एमलिन, तू प्लंबर आहेस ना, कारंज्याची धार बारीक येतेय, जरा बघ." मी बघितलं. आत चिमणीचं घरटं होतं. काढलं.

ग्वेन : मग थांबायचं की नाही तिथेच?

एमलिन : म्हटलं, आणखी काही असेल. म्हणून परत घातला, कोपरापर्यंत. अगं, या सिंहाचे दात आतल्या बाजूला वळलेत. जाताना काही म्हणत नाहीत.

ग्वेन : थांब, चरबी लावते आणखी.

एमलिन : डबा संपला. आणि वर ही रुबार्बच्या आंबट देठांची पाय-पेस्ट्री कोणी चोळली?

ग्वेन : मिसेस पेनीने. म्हणाली, माझी पेस्ट्री कुठूनही सर्रकन खाली उतरते.

एमलिन : बाहीत उतरली.

ग्वेन : छिन्नीने एक दात उडवू का? एकच, मागचा.

एमलिन : उडव आणि ग्रंथालय घालवून बस. माझं नाक त्या दगडाला टेकलंय, वाचून दाखवू? "कारंज्याची कसलीही मोडतोड झाल्यास..."

ग्वेन : नको! पहिलीपासून पाठ आहे मला. "दरवर्षी संस्थापक दिनी, बाराच्या भोंग्याला, सिंहमुखातून पाणी वाहावे. न वाहिल्यास बाग, ग्रंथालय आणि जमीन ट्विचेल घराण्याकडे परत जावी."

एमलिन : "प्रथम घराण्यातील व्यक्तीने, नाक न मुरडता, प्यावे. न प्यायल्यास घराण्याचा हक्क कायमचा संपला. मग गावाने प्यावे."

ग्वेन : न प्यायला काय झालंय हायरम ट्विचेलच्या त्या नातवाला? दरवर्षी येतो, घोटभर पितो, ग्रंथालयाच्या भिंतीकडे बघत बघत जातो. पेट्रोल पंप टाकायचाय त्याला इथे.

एमलिन : हा हायरम, काय पण दानशूर मिळाला आपल्याला! जन्मभर व्हिस्कीच्या पिपांना लोखंडी पट्ट्या विकल्या आणि म्हातारपणी अख्ख्या गावाला पाणी पाजलं.

ग्वेन : ग्रंथालय दिलं ना?

एमलिन : दिलं. त्याच वर्षी कामगारांचा पगार कापला. आपले आजोबा म्हणायचे, पुस्तकं आली तेव्हा वाचायला संध्याकाळ नव्हती आणि पान उलटायला बोटं नव्हती. दोन त्याच्या कारखान्यातल्या पत्रा कापायच्या कात्रीने खाल्ली होती. तर दवाखान्यात भेटायला येऊन ट्विचेलने दिलं काय?

ग्वेन : बायबल. ऐकलंय, एमलिन. हजारदा ऐकलंय.

एमलिन : त्यांची दोन बोटं घेतली, माझा अख्खा हात घेतोय. व्याजासकट.

ग्वेन : मला भाषण नकोय, धार हवीय! वीस वर्षं त्या पुस्तकांत काढली मी. वरच्या दोन खोल्यांत राहते. पंप झाल्यावर जाऊ कुठे? तुझ्या घरी?

एमलिन : ओढ! अगं जोरात ओढ ना!

ट्विचेल : वा, वा. हा कार्यक्रम यंदा नवीन ठेवलाय का?

ग्वेन : या, ट्विचेलसाहेब. लवकर आलात.

ट्विचेल : आजोबांचा दिवस, नातवाने उशीर कसा करायचा? पण ग्वेनबाई, आजोबांनी मुखातून पाणी यावं असं कोरलंय. मुखात प्लंबर असावा, असं कुठे दिसत नाही.

ग्वेन : बारा वाजायचेत अजून.

ट्विचेल : हो, हो. घाई नाही. मी बाकावर बसतो. जमीन मोजणारा माणूस गाडीतच बसलाय, त्यालाही घाई नाही.

ग्वेन : एमलिन. मी खालची चावी उघडते.

एमलिन : वेड लागलंय तुला? बोळा मीच आहे! पाणी जाईल कुठून?

ग्वेन : तुझ्याभोवतून.

एमलिन : ग्वेन, हा सूट लोकरीचा आहे! एकुलता एक!

(बाराचा भोंगा वाजतो.)

ग्वेन : उघडली.

एमलिन : काही नाही. कुठे काय? अजून काही ना... आई गं!

ट्विचेल : पाणी दिसत नाहीये, ग्वेनबाई.

एमलिन : काखेत आहे, साहेब. आता बरगड्यांवर आलं. फार गार आहे हो. आता... आता कुठे आहे ते बायकांसमोर सांगत नाही.

ग्वेन : डावा पाय उचल. कारंज्याला बांधलेल्या पेल्याची साखळी पुरत नाहीये, आणखी वर कर!

एमलिन : मी काय बगळा आहे?

ग्वेन : आलं! भरला. घ्या साहेब, पहिला मान घराण्याचा.

ट्विचेल : हे? हे याच्या विजारीतून आलंय!

ग्वेन : आणि विजारीत कुठून आलं?

ट्विचेल : म्हणजे काय...

ग्वेन : सिंहाच्या मुखातून. वाटेत कुणाकुणाला भेटलं, याबद्दल तुमचे आजोबा काही बोललेले नाहीत.

ट्विचेल : यात काहीतरी तरंगतंय!

एमलिन : रुबार्ब असेल. नाहीतर चरबी.

ट्विचेल : मी कोर्टात जाईन!

ग्वेन : खुशाल जा. फक्त पेला साखळीला आहे, तेव्हा न्यायाधीशांनाच इकडे घेऊन या. नाक मुरडताय साहेब, गाव बघतंय. बँडवालेसुद्धा वाजवायचे थांबलेत.

ट्विचेल : एकच घोट ना?

ग्वेन : एकच.

ट्विचेल : शी! हा वास कसला?

एमलिन : मोजे. खास संस्थापक दिनाचे आहेत, वर्षातून एकदाच घालतो.

ग्वेन : धुतोस कधी?

एमलिन : धुवायचे पण असतात?

ट्विचेल : नाही. मी हे पिणार नाही!

ग्वेन : जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही.

ट्विचेल : नाही पिणार! खड्ड्यात गेलं तुमचं ग्रंथालय! तुम्हीच प्या हे, अख्ख्या पेनसिल्व्हेनियाला पाजा!

एमलिन : गेला?

ग्वेन : गेला. मोजणाऱ्यालाही घेऊन गेला. गाडीचं दार केवढ्याने आपटलं, ऐकलंस ना?

एमलिन : आता गावाची पाळी. दगडावर आहे.

ग्वेन : माहितीय मला दगडावर काय आहे. आण तो पाय इकडे.

एमलिन : प्यायलीस? खरंच? कसं होतं?

ग्वेन : आठवडाभर माझ्याशी बोलू नकोस.

एमलिन : बरं. पण ग्वेन, गारठ्याने हात सैल झाल्यासारखा वाटतोय. ओढ जरा. हळू.

ग्वेन : येतोय... येतोय... आला! बघू. अरे, डोळे कशाला मिटलेस? सगळी बोटं आहेत, वेड्या. पाच.

एमलिन : परत मोज. ट्विचेलकडून आलाय.